झोनबाहेरचा बोनस

आमच्या वसमत तालुक्यात बोनस हा शब्द इंग्रजी आहे, हे कुणाला सांगून पटलं नसतं. माझ्या लहानपणी वडील कापूस सरकारी खरेदी केंद्रावर घालायचे. त्याचा पहिला पैसा केव्हाच खर्चून गेलेला असायचा आणि मग पुढं कधीतरी बातमी यायची, की बोनस जाहीर झाला. साखर कारखान्यातल्या नोकरदारांना दिवाळीत बोनस मिळायचा. दोन्हीकडं अर्थ एकच. आधी तुम्ही राबलेले असता, माल घातलेला असतो. मागून येतं ते तुमच्याच कष्टाचं, फक्त उशिरा आलेलं. त्यात कुणाचे उपकार नाहीत आणि नशिबाचाही संबंध नाही. बोनस थकला तर माणसं गेटसमोर घोषणा द्यायची, कारण तो हक्काचा होता.

हे सगळं सांगायचं कारण असं, की या एका शब्दावर विश्वास ठेवून माझे दाजी परदेशातल्या एका जुगाराच्या दुकानात जाऊन बसले आणि उठताना स्वतःच्या नजरेतून उतरून उठले. दुकानात नेऊन बसवणारा मी. नजरेतून उतरवणाराही मीच.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, नवरे. कारखान्यात काट्यावर क्लार्क होते. उसानं भरलेली गाडी काट्यावर उभी राहते, वजन होतं, मग ऊस खाली करून रिकामी गाडी पुन्हा येते, पुन्हा वजन होतं. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. दाजींच्या पाळीत ऊस यावा म्हणून लोक टायरगाड्या रस्त्याच्या कडेला थांबवून धरायचे, बैल सोडून झाडाखाली बसायचे. दाजींचं वजन बराबर असतं, एवढीच त्यांची कीर्ती होती आणि तेवढी त्यांना पुरत होती.

नव्वदच्या आसपास उसाला झोनबंदी होती. ज्या कारखान्याच्या हद्दीत शेत, त्याच कारखान्याला ऊस. पण भावात फरक असला की लोक दुसऱ्या झोनातला ऊस आपल्या पाव्हण्याच्या नावावर नोंदवून आणायचे. एकदा दाजींच्या सख्ख्या चुलत्यानंच अशी गाडी आणली. दाजींनी ती काट्यावरून परत फिरवली. "काका, ऊस चांगला हाय, पर नोंद खोटी हाय," एवढंच म्हणाले. चुलते दोन वर्षं घरी जेवायला आले नाहीत. अक्का चिडली होती. मीही चिडलो होतो, कारण मला वाटायचं, असल्या माणसाचं जगात काही खरं नाही.

तरी माझं भलं त्याच माणसानं केलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी गचकलो आणि वडिलांनी मला शेतात जुंपायचं ठरवलं, तेव्हा दाजींनी घरी येऊन माझी वकिली केली. "पोरगं मशिनीवर बसून राहिलं तर बसू द्या. त्याचा हात चालतो त्यात." वडील जावयाचा शब्द मोडत नसत. म्हणून वसमतच्या बसस्टँडजवळ माझं सायबर कॅफे उभं राहिलं. सायबर कॅफे म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक फोनची लाइन, एक कूलर आणि पाटीवर लिहिलेली आठ-दहा कामं, ज्यांतली निम्मी मला येत नव्हती. निकाल पाहणं, डी.एड.चे फॉर्म भरणं, पत्रिका छापून देणं, यावर दुकान चालायचं. लाइट गेली की मी बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ज्ञान वाटत असे. ते मात्र लाइटीवर अवलंबून नव्हतं.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. गाळप संपलं होतं, उन्हाळा होता. दाजी काही कामानं वसमतला आले आणि गावाकडच्या गाडीला वेळ होता म्हणून माझ्या कूलरसमोर येऊन बसले. मी कुणाचा तरी निकाल शोधत होतो. त्या काळी एक पान उघडलं की न बोलावलेली चार पानं आपोआप उघडायची. त्यातलं एक सोनेरी अक्षरांचं होतं. दाजींना इंग्रजी वाक्य वाचता येत नसे, पण अक्षरं जुळवता येत. त्यांनी जुळवली.

"हे बोनस म्हनून राहिलेत," ते म्हणाले. "कोनाला?"

"नाव नोंदवील त्याला."

"नुसतं नाव नोंदून? काम काय करायचं?"

मी खालच्या बारीक अक्षरातलं वाचलं. मिळालेली बोनसची रक्कम तीसदा खेळात फिरवायची, मग जे उरेल ते आपलं, असं काहीतरी होतं. मी तसं सांगितलं.

"म्हंजी काम हाय," दाजी म्हणाले आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. फुकट असतं तर ते तिथंच उठले असते. साऱ्या आयुष्यात त्यांनी मटक्याचा आकडा लावला नव्हता, जत्रेतल्या चक्रीसमोर उभे राहिले नव्हते, बसस्टँडवर नवीन निघालेल्या लॉटरीच्या दुकानाकडं मान वळवून बघत नव्हते. पण हे तसं नव्हतं. यात आधी फिरवायचं होतं, पाळी भरायची होती, आणि मग बोनस. त्यांच्या ओळखीचा हिशेब होता. मी त्यांना खेळ म्हणून सांगितलं, जुगार हा शब्द काळजीपूर्वक टाळला. मला त्यांना दाखवायचं होतं, की ज्या मशीनसाठी तुम्ही वडिलांशी भांडलात ते कामाचं आहे. शिवाय फुकटचं ते पौष्टिक, हे माझं स्वतःचं तत्त्व होतं.

त्या पानावर देशांची यादी होती. इंग्लंडच्या माणसाला पंचवीस पौंड, दुसऱ्या एकाला त्याहून कमी, आणखी एकाला नाममात्र. दाजींनी यादी बोटानं खाली खाली बघत नेली.

"एकाच दुकानात इतके भाव काहून?"

"मोठा देश, मोठा बोनस," मी ठोकून दिलं.

"आपल्या देशाला किती?"

आपला देश तळाशी होता. जिथल्या लोकांना हा बोनस लागू नाही अशा दहा-पंधरा देशांच्या रांगेत. मी ते वाचून दाखवलं तेव्हा दाजींचा चेहरा पडला. रागावले नाहीत, खरोखर दुखावले. "आपन काय घोडं मारलं त्यांचं?" असं म्हणाले आणि गाडीची वेळ झाली का म्हणून बाहेर बघायला लागले.

तिथं मी शहाणपणा केला. फॉर्म उघडला, त्यांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि देशाच्या रकान्यात इंग्लंड निवडलं. आमच्या गावाचा जिल्हा सरकारनं काही वर्षांपूर्वी बदलून परभणीचा हिंगोली केलाच होता. मी देश बदलला. ही गोष्ट मी दाजींना सांगितली नाही. "झालं, तुमचा बोनस मंजूर झाला," एवढंच म्हटलं. पडद्यावर पंचवीसचा आकडा आला. दाजी खुर्ची पुढं ओढून बसले.

देशादेशांत हा फरक का असतो, ते मला नंतर कळलं. वेळ निघून गेल्यावर मी त्या दुकानाच्या अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, आधी वाचायला हव्या होत्या तशा. बोनस म्हणजे त्यांच्या लेखी गिऱ्हाईक ओढून आणायचा खर्च. ज्या देशातला माणूस पुढं जास्त हरेल त्याच्यासाठी खर्च जास्त. मासा बघून गळाला गांडूळ लावतात तसं. कुठं कायद्यानं बोनसवर बंधन, कुठं कर जास्त म्हणून हात आखडता, कुठं बँकेतून पैसे येण्याजाण्याचीच पंचाईत. आणि काही देश सरसकट वगळलेले, कारण तिथल्या हुशार पोरांनी पाच-पाच नावांनी खाती काढून नुसता बोनस तेवढा लाटला होता. म्हणजे दाजींना ज्याचं वाईट वाटलं, ते घोडं माझ्यासारख्यांनीच मारलेलं होतं.

पुढचे दोन महिने दाजी दर आठवड्याला सुटीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं येत. धुतलेला शर्ट, खिशाला पेन, कामावर निघाल्यासारखे. पडद्यावर ती चक्री फिरायची, लाल आणि काळ्या घरांची. माऊस त्यांच्या हाताखालून घसरायचा, म्हणून मी त्यांना एंटरचं बटन दाखवून ठेवलं होतं. दर खेपेला एकच पौंड, एकदा लालवर, एकदा काळ्यावर. जिंकले तरी चेहरा तोच, हरले तरी तोच. प्रत्येक फेऱ्याला ते एका कोऱ्या काटापावतीच्या मागं रेघ ओढत, चार उभ्या आणि पाचवी आडवी, गाड्या मोजताना ओढायचे तशी. साडेसातशे फेरे व्हायला पाहिजेत हे त्यांनी पहिल्याच दिवशी काढून ठेवलं होतं.

"मजा येते का दाजी?" मी एकदा विचारलं.

"मजा कशाची? डोळे दुखून राहिलेत," ते म्हणाले. "पर काम अर्धं झालं."

मला आतल्या आत हसू यायचं. कॅफेतल्या पोरांना मी डोळा मारून दाखवायचो. एवढ्या मोठ्या जगातल्या जुगारी लोकांत चक्रीवर ड्यूटी करणारा हा एकटाच माणूस असेल, असं मी म्हणायचो, आणि पोरं हसायची. हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

साडेसातशे फेरे पूर्ण झाले तेव्हा खात्यात एकसष्ट पौंड होते. मी छाती फुगवून अक्काकडं गेलो आणि सांगून टाकलं, की दाजींनी कॉम्प्युटरवर कमावलंय, रुपयांत पाचेक हजार होतील. अक्का गावात बायकांचे ब्लाउज शिवायची. तिला पिको-फॉलचं मशीन पाहिजे होतं. तिनं दुसऱ्याच दिवशी दोघी-तिघींना सांगून ठेवलं, की साड्या आता वसमतला पाठवू नका.

मी पैसे काढायची विनंती पाठवली. तिकडून उत्तर आलं, ओळखपत्र पाठवा. इथं तरी मला शुद्ध यायला हवी होती. पण मी दाजींचं मतदानाचं कार्ड स्कॅन करून पाठवून दिलं. ज्या गावाला मी नेऊन विलायतेत बसवलं होतं ते त्या कार्डावर पुन्हा महाराष्ट्रात आलं, तेही जुन्या परभणी जिल्ह्यात. मनात म्हटलं, गोऱ्यांना कुठं मराठी वाचता येतंय. कार्डावर इंग्रजीही छापलेलं होतं, हे मी बघितलंच नाही.

पुढच्या सुटीला दाजी आले. अक्कानं मशीनच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला होता, तो त्यांच्या खिशात होता. कॅफे भरलेलं होतं. डी.एड.च्या फॉर्मसाठी आलेल्या दोन मुली, एक मास्तर, आणि कारखान्याच्या शेतकी विभागातला एक क्लार्क, जो दाजींना चांगला ओळखत होता. मी मेल उघडला. तीन ओळींचा होता. राहण्याच्या देशाची माहिती खोटी दिल्याचं आढळल्यानं खातं कायमचं बंद, आणि शिल्लक रद्द.

"काय लिव्हलंय?" दाजींनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघत होते. खरं सांगायचं तर एकच वाक्य लागत होतं, दाजी, मी तुमचा देश खोटा लिहिला होता. त्यापुढं जे काही झालं असतं ते दहा मिनिटांचं होतं. दाजी दोन शब्द बोलले असते, क्लार्क हसला असता, लोक मला उगाच इंजिनियर म्हणायचे, ती खोटी इज्जत गेली असती. ती तशीही मूठभरच होती. पण माझी जीभ माझ्याआधी धावली.

"मागच्या खेपेला शेवटी तुमच्याकडून चुकीचं बटन दाबलं गेलं," मी म्हणालो. "त्यामुळं खातं बंद पडलं."

दाजींनी कीबोर्डकडं पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं.

"कोनतं?"

"ते आता नाही सांगता येत."

"म्या तर एंटरच दाबून राहिलो व्हतो."

"शेजारचं लागलं असेल," मी म्हणालो.

"असंल मंग," दाजी म्हणाले. मास्तर म्हणाले, मशीनपुढं भल्याभल्यांचं चुकतं. क्लार्क गालातल्या गालात हसत होता, तो कारखान्यात जाऊन बोलणार हे मला दिसत होतं. दाजींनी खिशातला पत्ता काढून बघितला आणि पुन्हा ठेवून दिला. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, तो मी. पण मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला पाहिजे.

घरी अक्का दोन दिवस धुसफुसत होती. "इतकं दीड-दोन महिने बसले, अन् एक बटन नीट दाबता आलं न्हाई तुमाला," असं ती माझ्यासमोर म्हणाली. दाजी म्हणाले, "चुकलं माझं." पुढं अक्का ते विसरून गेली. तिनं मशीन दुसऱ्या वर्षी घेतलं, ब्लाउज शिवून. कारखान्यात मात्र ती गोष्ट दाजींच्या आधी पोचली होती. काट्यावरच्या माणसाचं बटन चुकलं, म्हणून वर्षभराची करमणूक झाली. गाळप नसलं तरी साखर न्यायला आलेली गाडी काट्यावर चढायची, आणि चढली की कुणीतरी म्हणायचं, बटन बराबर दाबा बरं. म्हणणाऱ्याच्या मनात काही नसायचं. माणूस वीस-बावीस वर्षं चुकलेला नसला, की त्याच्या पहिल्या चुकीची लोकांना फार गोडी असते.

त्याच वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्यात कॉम्प्युटरचा काटा बसला. आता वजन पडद्यावर येणार, क्लार्कनं गाडी नंबर टाकून बटन दाबायचं, की पावती छापून बाहेर. क्लार्क लोकांना दोन दिवस शिकवायला कुणीतरी पाहिजे होतं. बोलावणं मलाच आलं, तालुक्यात दुसरा विद्वान नव्हता.

सहा-सात जण होते. दाजी शेवटच्या बाकावर बसले, हात मांडीवर ठेवून. एकेकानं पुढं येऊन नंबर टाकून पाहिला. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले नाहीत.

"दाजी, या की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. दुसऱ्याला शिकव."

"त्यांना नका बोलवू सर," शेतकी विभागातला तो क्लार्क मागून म्हणाला, "पूर्ण कारखाना बंद पाडतील." सगळे हसले. मी हसलो. मला हसायचं नव्हतं, पण सगळे हसत असताना गप्प राहिलो तर दिसेल, असं मला वाटलं. दाजीही थोडे हसले. त्या एका क्षणासाठी मला कधी माफी मिळावी असं मला वाटत नाही, मागायचंही धाडस नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. ते चपला घालत होते.

"शेतकऱ्याचा माल असतोय," ते मला म्हणाले. "उद्या माझ्या हातून उलटंपालटं दाबल्या गेलं तर त्याचं वर्ष जाईल. म्या साहेबाला सांगितलंय, मला यार्डात टाका."

"दाजी, ते बटन—"

"न्हाई रे. तू शिकवलं चांगलं. माझाच हात राह्यला न्हाई आता."

एवढं झाल्यावर सांगितलं तर आणखी वाईट होईल, आता शांत झालेत ते, पुन्हा कशाला, असली कारणं मला तिथल्या तिथं सुचली. भित्र्या माणसाला कारणांची कधी तकलीफ होत नाही.

त्या गळिताला दाजी यार्डात गेले. यार्डात गाड्यांची रांग लागते, आलेल्या गाडीला नंबरचं टोकन द्यायचं, भांडणं सोडवायची, धुळीत उभं राहायचं. मी कामाच्या निमित्तानं कारखान्यात गेलो की ते दिसायचे, डोक्याला टॉवेल बांधलेले, हातात टोकनांचा डबा. काट्याच्या खोलीकडं त्यांची पाठ असायची. शेतकरी सुरुवातीला विचारायचे, तुमी काट्यावर न्हाई का आता, आणि ते सांगायचे, मशीन आलं, माझा हात बसत न्हाई. शेवटी ते यार्डातूनच निवृत्त झाले.

माझं कॅफे तोवर बंद पडलं होतं. मी एका शाळेत क्लार्क म्हणून लागलो होतो. दाजींचे फंडाचे पैसे बँकेत जमा झाले आणि बँकेनं त्यांना एटीएमचं कार्ड दिलं. ते त्यांनी कधी स्वतः वापरलं नाही. महिन्यातून एकदा मला फोन यायचा, वसमतला ये म्हणून. मशीनजवळ गेलो की ते कार्ड माझ्या हातात द्यायचे, तोंड रस्त्याकडं करून उभे राहायचे आणि आपला गुप्त नंबर मोठ्यानं सांगायचे. रांगेतली माणसं बघायची.

"हळू सांगा दाजी. कुणी ऐकेल," मी म्हणायचो.

"आयकू दे. तू दाब. माझ्या हातून उलटंच दाबल्या जाते."

एकदा मात्र वेगळंच झालं. मी आजारी होतो म्हणून दोन दिवस उशिरा गेलो, तर कळलं, की आदल्या दिवशी त्यांनी रांगेतल्या एका अनोळखी माणसाला कार्ड दिलं होतं आणि नंबर सांगितला होता. माणूस भला निघाला, पैसे बराबर काढून दिले. पण त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. कुणाचाही हात आपल्या हातापेक्षा बरा, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. कुणावर चिडावं ते कळेना, आणि कळतही होतं.

शेजारी चहाची टपरी होती. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं. आधी देशाची यादी, मग इंग्लंड, मग मतदानाचं कार्ड, मग तो तीन ओळींचा मेल, त्यात खरोखर काय लिहिलं होतं ते. एकदाही त्यांच्याकडं न बघता सगळं सांगितलं.

"म्हंजी तू झोनाबाहीरची नोंद केली," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"माझ्या नावावर."

"हो, दाजी."

"मंग त्यांनी गाडी वापस फिरवली, ते बराबर केलं," ते म्हणाले. त्यांना समजायला एक क्षणही लागला नाही. मी सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तरी लागला नसता. "अन् बटन?"

"बटनं सगळी बरोबर दाबली होती तुम्ही. साडेसातशेच्या साडेसातशे."

मला वाटलं होतं, ते उठून जातील, किंवा चारचौघांत चार शिव्या देतील, आणि मी त्यासाठी तयार होतो. पण त्यांचा चेहरा खुलला. टपरीवाल्याकडं बघून हसले. मांडीवर दोनदा थाप मारली. मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. "तुझ्या बहिनीला लावून दे."

मी लावून दिला.

"आगं, ते बटन म्या बराबर दाबलं व्हतं," ते फोनवर म्हणाले. "व्हय. हा सांगून राहिला ना, हितंच हाय."

अक्काचा आवाज मला बाकावर बसल्या बसल्या ऐकू आला. "कोनतं बटन?" ती विचारत होती.

दाजींनी तिला सांगायचा प्रयत्न केला. कॅफे, चक्री, बोनस, पिकोचं मशीन. तिकडून नुसतं हं, हं येत होतं. कुकर लावलाय म्हणून तिनं फोन ठेवला.

"तिच्या ध्यानातबी न्हाई," दाजी म्हणाले.

चहा आला. त्यांनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. समोर स्टँडात गाड्या लागत होत्या आणि ते तिकडं बघत होते. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखाद्याला ठाऊक असेल म्हणून विचारावं, तसं विचारलं.

"मंग म्या काट्यावरून काहून उठलो?"

"माझ्यामुळं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझं उत्तर त्यांना बरोबर वाटलं असावं.

"तवा काट्यावरचे चार सीझन राह्यले व्हते माझे," ते म्हणाले.